आप्पांच्या अर्धलीचं मशीन

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेडवर होतो आणि खोटं कशाला बोलू, मनात पहिला विचार आला तो हाच, की आपलं मशीन वाचलं. दशक्रियेला भांडगावला गेलो. जे लोक त्यांना हयातीत येडा म्हणायचे, तेच माइकवर आप्पांची दूरदृष्टी सांगत होते... नुसती जत्रा. त्या जत्रेत मीही होतो म्हणा, पहिल्या रांगेत.

आप्पांचे वडील मेंढरं घेऊन हिंडले, आप्पा जमिनीवर स्थिरावले आणि नव्वदच्या दशकात हायवेलगतचा त्यांचा एक तुकडा कंपनीनं घेतला. अशा पैशात माणसं जीप घेतात, बंगला बांधतात. आप्पांनी लेथ मशीनं घेतली आणि धंदा सुरू करू पाहणाऱ्यांना वाटली. पुण्यात हल्ली असल्यांना एंजल इन्व्हेस्टर म्हणतात. आमचा एंजल चपला बाहेर काढून शेडमध्ये यायचा आणि चालत्या मशीनवर हात ठेवून विचारायचा, "दमलं का रं ह्ये?"

मी डिप्लोमा झालेला, तारण नाही म्हणून बँकेनं परत पाठवलेला. मला त्यांनी एक मशीन दिलं. व्याज नाही, कागद नाही. अट मात्र मेंढरांची, अर्धलीची. "म्येंढी माझी, राखण तुझी, कोकरं निम्मी." म्हणजे या मशीनच्या कमाईवर मी जी मशीनं घेईन त्यातलं एक माझं, पुढचं त्यांचं. मी मान डोलावली आणि मनात हसलो. लोखंड कधी व्यायलंय का?

व्यायलं. पहिलं घेतलं ते माझं झालं. दुसरं घेतलं, त्याच आठवड्यात शिरूरकडच्या एका कंपनीची मोठी ऑर्डर मिळाली, आणि आप्पा टेम्पो घेऊन दारात.

"आप्पा, थोडं थांबा. हातची आर्डर जाईल माझी."

"जाईल की. पर दौंडचा फिटर मोकळ्या शेडमधी बसलाय. त्येला कवा मिळायचं?"

मशीन गेलं, ऑर्डरही गेली. त्यानंतर मी या माणसाची जाईन तिथं टिंगल केली. मेंढरांचा कायदा लोखंडाला लावणारा म्हातारा! ऐकणारे पोट धरून हसायचे.

दशक्रियेचा विधी उरकल्यावर चहा घेताना खुटबावचे वर्कशॉपवाले रशीदभाई शेजारी येऊन बसले. म्हणाले, "तुमच्या त्या पयल्या मशीनचा चक अजून थरथरतो का हो?"

"तुम्हाला काय माहीत?"

"माझ्याकडनंच नेलं हुतं की आप्पांनी तुमच्यासाठी. कारखान्याचं काम हातात हुतं तवा. म्या लई शिव्या घातल्या."

इतकी वर्षं मी समजत होतो ते भंगार बाजारातून आणलंय. कुणाच्या चालत्या शेडमधून उचललंय का, हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही. एवढा मी शिकलेला.

"तुमचं आता नवं आलंय म्हनं, आप्पांच्या वाट्याचं," रशीदभाई म्हणाले. "कुणाला देताय? म्या माझं परवाच पोचवलं. आप्पा न्हाईत, तवा आपुनच न्यायचं."

"सध्या काम आहे हातात," मी म्हणालो. त्यांनी कप खाली ठेवला आणि विषय बदलला.

त्याला सहा आठवडे झाले. मशीन माझ्याच शेडमध्ये आहे, दोन पाळ्यांत चालतं, माल सुरेख निघतो. दौंडच्या रेल्वे कॉलनीतली एक बाई दोनदा येऊन गेल्या, त्यांना जॉबवर्क सुरू करायचंय. दोन्ही वेळा मी गोड बोलून त्यांना वाटेला लावलं. दाराशी टेम्पो वाजला की मात्र अजून उठून उभा राहतो... आप्पा यायला हवे होते. चार शिव्या घालून मशीन दिलं असतं आणि सुटलो असतो.