तांब्यातलं पाणी

डिझेलचा वास आला की मला पितळेचा तांब्या आठवतो. पहिल्या बाळंतपणासाठी वडील मला माहेरी, नाते गावी, न्यायला आले होते आणि पोलादपूर-महाड रस्त्यावर नुकतीच डिझेलची नवी मोटार सुरू झाली होती. जुन्या मोटारीची लाकडी बाकं हाडं खिळखिळी करायची. हिला म्हणे चक्क गाद्या होत्या! मी हरखले, पण पोटुशीला धक्के बसतील म्हणून सासूबाई ऐकेनात. "पुढल्या थांब्यापातूर मी येते. तांब्यातलं पानी सांडलं, तर आपली बैलगाडी हाय," असं म्हणून भरलेला तांब्या मांडीवर धरून त्या आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसल्या. इंजिन धडधडलं, कोऱ्या रेक्झिनचा वास सुटला आणि खिडकीची एकही काच वाजेना. सगळी मोटार त्या पाण्याकडे बघू लागली. ड्रायव्हर तर इरेला पडून एकेक खड्डा चुकवत होता. वळणावर पाणी काठाशी आलं, आम्ही श्वास रोखले, ते पुन्हा खाली बसलं आणि मागून कुणीतरी "शाब्बास!" म्हणून ओरडलं. थांबा आला. "उतरा मावशी, थेंब नाय सांडला!" ड्रायव्हर म्हणाला. सासूबाई गादीवर आणखी मागे सरकल्या. "पुढं रस्ता वाईट हाय. बघू." तसं करत करत महाड आलं. उतरताना त्या गंभीरपणे वडिलांना म्हणाल्या, "अजून भरवसा नाय येत. परत जाताना याच गाडीनं बघते." आता मी त्यांच्या वयाची आहे. नातवानं नवी गाडी दारात आणली की मीही आधी भरवसा नाही म्हणते, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसते.