तोंडावर शिक्का बसलेला देव

अण्णाकाकांची आणि माझी शेवटची भेट भांडणातच संपली, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. आमचं बोलणं तसंच असायचं. काशीत बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीतल्या त्यांच्या खोलीत, खिडकीपाशी, ते डोळ्याला भिंग लावून बसलेले. पुढ्यात ग्रीसची जुनीपुराणी टपाल पाकिटं. आणि मी त्यांच्या डोक्याशी उभी. "अहो, लखनौचे ते तिकिटांचे जाणकार गृहस्थ स्वतःहून बघतो म्हणतायत. एकदा दाखवा तरी! तुम्ही आयुष्यभर काय केलंत ते चार माणसांना कळू दे." तर मान वर न करता म्हणाले, "आधी ओळख, मग किंमत. थोडीच पाकिटं राहिलीत, शालू. देवदिवाळी होऊ दे." देवदिवाळी आली, घाट दिव्यांनी भरला, अण्णाकाका त्याआधीच झोपेत गेले होते…

काशीतला संस्कृतचा मास्तर आणि ग्रीसची तिकिटं, हे काय खूळ, असं आमच्या सगळ्या गोतावळ्याला वाटायचं. त्यांच्याकडे पूर्वी एक म्हातारे ग्रीक गृहस्थ संस्कृत शिकायला यायचे. परत जाताना त्यांनी आपल्या पणजोबांच्या वेळच्या पत्रांची पेटी गुरुदक्षिणा म्हणून दिली. दुसऱ्या कुणी ती माळ्यावर टाकली असती. काका ग्रीक अक्षरं गिरवायला बसले! शिक्क्यातलं गावाचं नाव वाचता यायला हवं म्हणून. पॅरिसला छापलेलं तिकीट नाजूक, अथेन्सला छापलेलं जरा भरड, हे ते तिकिटावरच्या चेहऱ्याच्या गालावरल्या बारीक रेघांवरून सांगत. मला बोलावून दाखवत, आणि मी बँकेतून दमून आलेली, "हो, हो" करत चहा पीत असे.

त्या तिकिटांवर पंखांची टोपी घातलेला एक तरुण आहे. "हा हर्मीस," काका म्हणायचे, "ग्रीकांचा देव. निरोप पोचवतो, आणि माणूस मेला की त्याला हात धरून पलीकडे नेतो. याची बदली काशीला व्हायला हवी होती!" स्वतःच हसायचे. मग काकूला दटावायचे, "अगं, देव आहे तो. पाय लावू नकोस, केरात जाऊ देऊ नकोस." बायकोला एवढं सांगितलं, पुढचं सांगायला काय झालं होतं? पुढचं म्हणजे, त्या देवाच्या तोंडावरचा काळा शिक्का हीच त्याची खरी ओळख. शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर उतरलेला हवा. मगच ते तिकीट त्याच पाकिटावरून प्रवास करून आलं म्हणायचं. पेटीतल्या एकाच पाकिटावरचं तिकीट अगदी स्वच्छ होतं. शिक्क्याची एक रेघ कोपऱ्यात, आणि ती तिकिटाच्या कडेलाच तुटलेली. "मागाहून चिकटवलंय कुणीतरी," काका म्हणाले होते. "गोंडस आहे, पण लबाड आहे."

तेरावं झालं, आणि काही दिवसांनी मी लखनौला न्यायला म्हणून पेटी मागायला गेले. पेटी होती. धुऊन उन्हात वाळत घातलेली.

"त्यांच्या फाटक्या पोथ्यांबरोबर गंगेत सोडले गं सगळे लिफाफे," काकू म्हणाली. "नाववाल्याला मधल्या धारेपर्यंत न्यायला लावलं. फुलं वाहिली, नमस्कार केला."

"काकू! अगं का?"

"का म्हणजे? सगळ्यांच्या तोंडाला काळं फासलेलं! खंडित देव घरात ठेवतात का? आणि केरात टाकायचे नाहीत, हे त्यांनीच बजावलेलं. बरोबर केलं ना मी?"

कपाळ माझं! आमच्या घरात मूर्तीचा टवका उडाला तरी ती गंगेत जाते. त्या नियमानं काकूचं काही म्हणजे काही चुकलं नव्हतं. इतकी वर्षं डोळे फोडून काकांनी एकेक पाकीट ओळखलं, आणि ते कुणाला कळावं म्हणून मी जीव टाकत होते, ते मधल्या धारेत! मला काकूचा राग आला, काकांचा त्याहून जास्त. देवदिवाळी होऊ दे म्हणे!

"एक ठेवलाय पण," काकू म्हणाली, आणि मला देवघराशी घेऊन गेली. अन्नपूर्णेला टेकवून एक पाकीट उभं होतं. तोच, स्वच्छ तोंडाचा, गोंडस, लबाड. कपाळाला कुंकू, टोपीच्या पंखावर झेंडूची पाकळी. भिंग त्याच्या शेजारी ठेवलेलं, पुसून लख्ख केलेलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. काकू, अगं तेवढाच एक खोटा आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं.

"याचं नाव काय गं, शालू?" काकूनं हळूच विचारलं. "रोज फूल वाहते, पण नाव येत नाही, बरं नाही वाटत."

"हर्मीस."

तिनं दोनदा म्हणून बघितलं. मग पदर सावरून माझ्याकडे वळली. "ते म्हणायचे ना, हात धरून नेतो म्हणून… यानंच नेलं ना त्यांना?"

मी भिंग उचललं, आणि न बघताच पुन्हा जागेवर ठेवलं.

"हो काकू," मी म्हटलं, "यानंच."