पारुबाईची चावरी मोटार

…तर कोंडीबाचं नाक मोटारीला चिकटलं होतं, इथवर आलो होतो. मोटार हट्टा गावातल्या पारुबाईच्या पिठाच्या गिरणीची, सिंगल फेजची. सत्त्याण्णव सालचा दसरा झाला अन् हात लावला की ती झिणकन चावायला, म्हणजे करंट मारायला लागली. कोंडीबा जुना मिस्त्री. मोटारीचा आजार नाकानं, जळका वास घेऊन ओळखायचा.

"वाइंडिंग गेलं, आतली तार जळली. भरायला नांदेडला न्या," त्यानं निकाल दिला.

आठ दिवस गिरणी बंद! इकडं दिवाळीच्या भाजणीचे डबे दाराशी रांग लावून बसलेले. पारुबाईनं भीमराजला बोलावणं धाडलं. गावात मल्टीमीटर, वीज मोजायचं यंत्र, एकट्या त्याच्याकडं. तो गळ्यात अडकवून हिंडायचा, तर बाया म्हणायच्या, "डाक्टर, आमची म्हैसबी बघा!" गडी सातवी नापास, पण बेरीज पक्की.

त्यानं फ्यूज काढला, स्विचकडच्या तिन्ही वायरी सोडवल्या. रनिंगच्या तारेचे दोन ओहम, स्टार्टिंगच्या तारेचे पाच, दोन्ही मिळून सात. बेरीज बराबर, म्हणजे तार शाबूत. मग मीटरची एक काडी वायरीला अन् एक मोटारीच्या अंगाला लावली. इथं मीटरनं गप्प राहायचं; आकडा आला की समजायचं, वीज अंगात उतरते. तर लेकाचा आकडे दाखवू लागला!

"झालं!" कोंडीबानं मांडीवर थाप मारली. "तुझं खेळणंबी माझ्याच पार्टीत आलं की!"

भीमराजनं काड्या तशाच दाबून धरल्या. पण आकडा एका जागी ठरेना, नुसता वर-खाली. जळून अंगाला चिकटलेली तार अशी झोके घेत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. शेवटी त्यानंही नाक लावलं. वास होता खरा, पण जळका नाही, आंबूस; अन् तो मोटारीच्या डोक्यावरच्या वायरीच्या डबीतून येत होता.

"मावशी, वायरीच्या डबीवरचा हार काढा."

"खंडेनवमीची पूजा हाय ती! दिवाळीपतुर हलवायची न्हाई."

"मग हारासकट धाडू का नांदेडला?"

पारुबाईनं गालावर चापट्या मारून घेतल्या अन् हार उचलला. झाकण उघडलं, तर आत कुंकवाचा चिखल, आंबलेलं नारळाचं पाणी अन् वर खोबऱ्याचा तुकडा! बाईनं नारळ थेट मोटारीच्या डोक्यावर फोडला होता.

डबी पुसून, दुपारभर उन्हात वाळवून भीमराजनं पुन्हा काड्या लावल्या. मीटर गप्प. गिरणी सुरू झाली. पारुबाईनं भीत भीत बोट लावलं, चावली नाही. कोंडीबा नाक पुसत चहाला निघून गेला.

"म्हंजे आता पूजाच करायची न्हाई व्हय रे?" पारुबाई फणकारली.

"करा की मावशी, धूमधडाक्यात करा. नारळ तेवढा दगडावर फोडा. मोटारीला तहान लागत न्हाई."