हात फिरवायचे चार दिवस

नवदिग्दर्शकांची आमची योजना जळगावात सुरू झाली ती चिडून. स्पर्धा आली की पुण्या-मुंबईचा कोणी दिग्दर्शक बोलवायचा, त्याने पंधरा दिवसांत नाटक बसवायचं आणि निकालाआधी गाडी पकडायची. दुसऱ्याच्या ओंजळीने किती वर्षं पाणी प्यायचं? आम्ही चार मित्रांनी ठरवलं, जळगाव-धुळ्याची पोरं निवडायची, त्यांना वर्षभर शिकवायचं आणि वर्षाअखेरीस प्रत्येकाला एक एकांकिका बसवायला द्यायची. एकाला एकच, कारण हॉल एक आणि पोरं सहा.

चौघांपैकी एक मुलाकडे पुण्याला गेला, एक देवाघरी गेला, तिसऱ्याला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. उरलो मी, बँकेतून निवृत्त झालेला. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची खोड मला आधीपासूनच. शनिवार-रविवार शाळेचा हॉल उघडायचा, खुर्च्या पुसायच्या, चाळीसगाव-अमळनेरहून येणाऱ्यांच्या एसटीची वाट बघायची. उन्हाळ्यात तालीम सकाळी सहाला, कारण नऊनंतर हॉलचा पत्रा तापतो आणि पंखा नुसती गरम हवा ढवळत राहतो. आता मी दमलोय. नाटकाची आवड गेली का, असं कोणी विचारलं तर राग येतो.

पहिल्याच वर्षी एका पोराची एकांकिका पार विस्कटली होती. प्रयोग चार दिवसांवर. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्याने तिच्यावर हात फिरवला, नटांच्या जागा बदलल्या, दोन प्रसंग कापले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. झालं! पुढच्या वर्षापासून हात फिरवायचे चार दिवस वेळापत्रकातच आले. त्या दिवसांत शिकणाऱ्याने वही घेऊन बाजूला बसायचं आणि जाणत्याने सफाई करायची. गेली कित्येक वर्षं तो जाणता मीच. आमच्या एकांकिका नेटक्या असतात असं परीक्षक म्हणायचे आणि माझी कॉलर ताठ व्हायची.

इथून शिकून गेलेल्यांपैकी एकानेही पुन्हा नाटक बसवलं नाही. कोणी ठिबक सिंचनाचं सामान विकतो, कोणी बँकेत, एक मालिकांत छोटी कामं करतो. हल्लीच्या पोरांत दम नाही, असं मी चहाच्या टपरीवर इतक्यांदा म्हणालो की टपरीवाला माझ्याआधी वाक्य पुरं करायचा.

यंदा अमळनेरजवळच्या खेड्यातली एक मुलगी होती. धुळ्याला एका खासगी शाळेत शिकवते, दर शनिवारी शाळा सुटली की एसटीने जळगाव गाठते. तिची एकांकिका डाळमिलमधल्या बायकांवर होती. सहा जणी गोल बसून डाळ निवडतायत. त्यातल्या एकीला कामावरून काढलंय, बाकी पाचजणींना ते माहीत आहे आणि तिला सांगायचं धाडस कोणालाच होत नाही. म्हणून त्या लग्नाचं बोलतात, जावेचं बोलतात, भरिताच्या वांग्यांचं बोलतात. तिघींची तर प्रेक्षकांकडे पाठ.

पहिल्या दिवशी पाच मिनिटं बघून मी थांबवलं. “अगं, पाठ? प्रेक्षकांनी काय अंबाडे बघायचे?”

बायका हसल्या, तीही हसली. मग म्हणाली, “नाना, एकदा शेवटपर्यंत करून दाखवू का? आहे तसं. वीस मिनिटं लागतील.”

“वेळ कुठाय गं,” मी म्हणालो. वेळ होता. मला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं, आणि काय करायला हवं ते माझ्या हाताला पाठ होतं. मी गोल उघडून अर्धचंद्र केला. सहाही तोंडं समोर. काढून टाकल्याची बातमी मध्यावर आणली आणि शेवटी एकीला हंबरडा फोडायला लावला. चारही दिवस ती वहीत लिहून घेत होती.

स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. दिग्दर्शनाचंही, तिच्या नावावर. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं हॉलमध्ये डाळीची पोती बांधत होतो. तिने पिशवीतून दिग्दर्शनाची ढाल काढली आणि माझ्यासमोरच्या टेबलावर ठेवली. माझ्याशी नेहमी शाळेतलं मराठी बोलणारी ती मुलगी घरच्या बोलीत बोलली.

“नाना, हाई तुम्हनं शे.”

“वेडी का गं? नाव तुझं आहे त्याच्यावर.”

“नाव शे. पन माले येस का नही, ते माले आजून समजनं नही.” तिचा आवाज चढला नव्हता. योजनेत एकाला एकच नाटक, हा नियम तिला माहीत होता आणि मलाही. तिचं ते एक होऊन गेलं होतं.

मला आतून लाज वाटली, आणि लाज वाटली की मी मोठेपणाने बोलतो. “तुला येतं, पोरी,” मी म्हणालो. “मी इतकी वर्षं पोरं बघतोय. तुला चांगलं येतं.”

तिने हातातली सुतळी खाली ठेवली.

“तुम्हले कसं मालूम, नाना?” तिने विचारलं. “तुम्ही ते देखं कोठे?”