शून्य पेल्यांवरचा ठिपका

शिंदे सर गेल्याचं मला आठवडाभर उशिरा कळलं. इंदापूरच्या एसटी स्टँडवर जुनी मैत्रीण भेटली आणि बोलता बोलता म्हणाली, "अगं, आपले सर गेले की..." मला पहिल्यांदा आठवला तो त्यांचा आलेखाचा कागद, आणि मान आपोआप खाली गेली.

एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमाराला सर बारामतीच्या कॉलेजात आम्हाला संख्याशास्त्र शिकवायचे आणि मुलींचा खो-खोचा संघही सांभाळायचे. माणूस भारी हौशी. वर्गात शिकवलेलं मैदानावर पडताळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकदा त्यांनी प्रत्येकीला विचारलं, रोज किती पेले दूध पितेस? आडव्या रेघेवर दुधाचे पेले, उभ्या रेघेवर बाद केलेले गडी. ठिपके तिरपे वर चढत गेले. सरांनी त्यांतून रेषा ओढली आणि खुशीत म्हणाले, "सहसंबंध बघा किती घट्ट आहे! दर पेल्यामागे एक गडी जास्त!" आमचा मुलूख दुधावर पैलवान पोसणारा, त्यामुळे कुणाला त्यात खोट दिसली नाही. वरचे बहुतेक ठिपके काटेवाडीच्या मुलींचे, घरी गोठे असलेल्या. रेषा जिथून सुरू होत होती तिथं, शून्य पेल्यांवर, मी.

"सुजाता, दूध सुरू कर," सर म्हणाले. मी नुसती मान हलवली. शेळगावात आमच्या दारात शेळीसुद्धा नव्हती, हे सगळ्यांपुढं सांगायला जीभ रेटेना. जिल्ह्याच्या स्पर्धेला संघ निघाला तेव्हा त्यात माझं नाव नव्हतं. कॉलेजचं माझं ते शेवटचं वर्ष, म्हणजे विषयच संपला.

स्पर्धा उरकल्यावर एका रविवारी सर स्कूटरवरून थेट आमच्या घरी आले. आई गडबडली. "बसा की सर, उनाचं आलाय."

सर बसले, पण पाठ टेकली नाही. "ताई, तुमच्या मुलीवर माझ्याकडून अन्याय झाला. काटेवाडीच्या मुली जवळच्या. सायकलवर पहाटेच सरावाला येतात. त्यांच्याकडे दूध आहे म्हणून त्या पितात, एवढंच. हिची एसटी येईपर्यंत सराव संपलेला असतो. मी दूध मोजलं, सराव मोजलाच नाही." मग जरा थांबून, "त्यांच्यातलीच एक दुधाला शिवत नाही, तरी सगळ्यांत पुढं. तिचा ठिपका रेषेत बसेना, तर मी अपवाद म्हणून खोडला. वर्गात मीच सांगतो, दोन गोष्टी बरोबरीनं वाढल्या म्हणजे एकीमुळं दुसरी वाढली असं नसतं..."

आई म्हणाली, "आमाला त्यातलं काय कळत न्हाय, सर. पर पोरगी लई रडली."

सरांनी खाली पाहिलं. आईनं चहा दिला, कोरा. दूध नव्हतंच. लाजेनं मी घरामागं जाऊन उभी राहिले. सर निघाले तरी मी पुढं आले नाही.

परवा बारामतीला सरांच्या पत्नीला, काकूंना, भेटायला गेले. त्या चहा करत होत्या. दूध घालायच्या आधी त्यांनी एक कप गाळून बाजूला ठेवला आणि एकदम थबकल्या.

"बघ, हात ऐकत नाही. यांचा कोरा चहा आधी काढायची सवय..."

"सर कोरा घ्यायचे?"

"शेळगावहून आले त्या दिवसापासून. आधी दुधाशिवाय घोट उतरत नव्हता. मी चिडायचे, तर म्हणायचे, रेषा ओढायच्या आधी हे आठवायला हवं." त्यांनी डोळे पुसले. "थांब, हा ओतून टाकते."

आमच्या गरिबीची लाज मी इतकी वर्षं बाळगली, आणि सर तिकडं रोज स्वतःची लाज पीत होते.

"ओतू नका, काकू," मी म्हटलं, आणि तो कप ओढून घेतला.