कॅलिपर आणि फ्रेमच्या मधातला तुकडा

आता तुमच्यापासून काय लपवायचं! आख्ख्या नंदनवन कॉलनीला माहीत आहे, तुम्हीच तेवढे उरलात. चहा घ्या, सांगतो.

आमची वर्षा, म्हणजे माझी बायको, दसऱ्याच्या सकाळी बायकांच्या ग्रुपसोबत सायकलनं कोराडीच्या देवीला जाणार होती. पहिलीच लांब फेरी! दोन महिने सराव केला बिचारीनं. पण मागचा डिस्क ब्रेक असा किंचाळायचा, की गल्लीतली कुत्री उत्तर द्यायची.

मी म्हटलं, "नवा कॅलिपर बसवून देतो. मी आहे ना!"

हे 'मी आहे ना'च नडलं हो!

कॅलिपर म्हणजे डिस्कला चिमटीत धरतो तो भाग. तो फ्रेमला कसा बसतो ते माउंट, त्याचे तीन प्रकार. आयएस माउंटचे बोल्ट बाजूनं आडवे जातात, पोस्ट माउंटचे सरळ, आणि फ्लॅट माउंट फ्रेमला सपाट चिकटतो. हे सगळं मी घरी, मित्रांच्या ग्रुपवर, दूधवाल्यालाही समजावलं. वर्षाच्या कॅलिपरचे बोल्ट सरळ दिसले. झालं! पोस्ट माउंट! सदर भागातल्या दुकानातून नवा आणला.

खंडेनवमीला सकाळी जुना काढला, नवा लावायला गेलो, तर फ्रेमची भोकं आडवी!

तसाच परत दुकानात. "चुकीचा माल देता का हो?"

"भाऊ, पोस्ट तुम्हीच मांगितला नं!"

मग मी ठरवलं, फ्रेमच चुकीची. ग्रुपवर लांबलचक लिहिलं, 'घोर फसवणूक!' दुपारपर्यंत चार मित्र मोजायची टेप घेऊन अंगणात हजर. एक म्हणाला, ड्रिलनं नवी भोकं पाडू.

वर्षा ओरडली, "माझ्या सायकलले हात लावून तर पाहा! उद्या सकाळी जायचं हाय मले!" डोळे भरले होते तिचे. मी गुपचूप सायकलच्या मिस्त्रीला फोन लावला.

शेवटी महाल भागातून रामदासभाऊ मिस्त्री आले. वाकून पाहिलं. "साहेब, फ्रेम आयएस, कॅलिपर पोस्ट. चालते. पण मधातला तुकडा कुठी हाय?"

"कोणता तुकडा?"

"ॲडॉप्टर गा! जुन्यासंगं निघाला असन नं?"

निघाला होता हो! पान्यांच्या ढिगात पडला होता. मी तोही पानाच समजलो. आणि आईनं पूजेसाठी हत्यारं मागितली, तेव्हा पुसूनबिसून तबकात ठेवून दिला!

देवघरात धावलो. पाने, पक्कड, विळी, आणि मधोमध ॲडॉप्टर. त्याच्यावर झेंडूचं फूल.

"हात नको लावू!" आई म्हणाली. "पूजेतलं हत्यार उद्या सांजेपावतर हलवाचं नाही."

"आई, ते हत्यार नाही, ॲडॉप्टर आहे!"

"हळदकुंकू लागलं नं? मंग हत्यारच."

नवा तुकडा आणावा, तर तोवर दुकानं बंद झाली होती. रामदासभाऊंनीही हात जोडले.

राहिली माझी सायकल. जिला मी कोणाला हातही लावू देत नाही ती! सीट खाली करून दिली. पहाटे वर्षा गेली, आणि दुपारी अशी हसत आली म्हणून सांगू! मला खरंच फार आनंद झाला.

"अहो, लोण्यावानी चालते तुमची सायकल! आता हीच मी ठेवते."

पूजा उठल्यावर ॲडॉप्टर बसला, पण तेव्हापासून ती माझी चालवते आणि मी तिची. गुलाबी आहे. रोज कोणी ना कोणी थांबवतं, "काहून भाऊ, वहिनीची सायकल चालवून राहिले?"

मी गंभीरपणे सांगतो, "माउंटची तुलना करून राहिलो."