शिडाच्या होडीच्या चार खिडक्या
कोळवणच्या एका फार्महाऊसच्या मालकाने घर विकलं, तेव्हा शेडमध्ये कित्येक वर्षं पडून असलेली शिडाची होडी त्याने माझ्या गळ्यात मारली. मुळशी धरणाच्या काठावर एक लहानसा क्लब आहे, तिथे मी होडी चालवायला नुकतीच शिकले होते आणि ऑफिसातल्या कुणाकडून तरी त्याला ते कळलं होतं. होडीचं अंग शाबूत होतं, शीडही चांगलं होतं. मधल्या छोट्या केबिनच्या चार खिडक्यांची मात्र पार रया गेली होती. त्या ॲक्रिलिकच्या, म्हणजे जाड प्लास्टिकच्याच. तारेच्या घासणीने घासल्यासारखे ओरखडे आणि वर पिवळट धुरकटपणा. आत बसलं की बाहेर पाणी आहे की भिंत, काही कळत नसे.

त्याच सुमारास आई गेली आणि माझे वडील, अप्पा, लातूरहून माझ्याकडे पिरंगुटला राहायला आले. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे, खालचा रस्ता बघायचे. हाक मारली की जेवायला यायचे. बोलणं जवळपास थांबलंच होतं.

एका शनिवारी मी चारही खिडक्या सोडवून घरी आणल्या. मापं घेऊन नव्या करायच्या होत्या. जागा बाल्कनीतच होती, तिथे टेकवून ठेवल्या. अप्पांनी त्यातली एक उचलली, उजेडात तिरकी धरली आणि ओरखड्यावरून नख फिरवलं.

"फेकून द्यायलीस का?"

"मग काय करू? काही दिसत नाही त्यातून."

"नख अडकत न्हाई. वरवरचं हाय. पाण्यात घासायचा पॉलिश पेपर आण, जाड, मध्यम अन् बारीक. अन् गाडीला लावायचं रबिंग."

कित्येक दिवसांत ते एवढं बोलले नव्हते. मी चपला घालून तशीच खाली हार्डवेअरच्या दुकानात पळाले.

जाड पेपर फिरला आणि खिडकी दुधासारखी पांढरी झाली. मी म्हटलं, "अप्पा, होती ती बरी होती."

"सगळीकडं सारखी झाली का, तेवढं बघ."

आधी आडवं, मग पेपर बदलून उभं, मधूनमधून पाण्याची धार. माझे हात भरून आले, त्यांचे थांबेनात. चारच्या सुमारास त्यांनी रबिंग लावलं, जुन्या बनियनने गोल गोल पुसलं आणि खिडकी माझ्या तोंडासमोर धरली. पलीकडे समोरचा डोंगर होता, त्यावरची झाडं वेगवेगळी दिसत होती.

"तुझी आई असती तर म्हणली असती, घरातलं एक भांडं कधी घासलं न्हाई ह्या माणसानं," अप्पा म्हणाले. हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. आई गेल्यावर तिचं नाव त्यांनी पहिल्यांदाच काढलं होतं. मी पेपर धुवायच्या निमित्ताने आत गेले.

तीन खिडक्या अशा निघाल्या. चौथीच्या स्क्रूच्या भोकांपाशी आतपर्यंत बारीक तडे गेले होते. ते घासून जाणार नव्हते. पौडला एसटी स्टँडजवळ दुकानांच्या पाट्या करणारे एक चाचा आहेत, साठीचे, पांढऱ्या दाढीचे. त्यांनी जुनी खिडकी नव्या शीटवर ठेवून रेघ मारली आणि तासाभरात तशीच कापून दिली. मी उत्साहाने दुसऱ्याच दिवशी एकटी क्लबच्या काठावर आणून ठेवलेल्या होडीपाशी गेले, खिडकी बसवली आणि जोर लावून स्क्रू आवळले. शेवटच्या स्क्रूला टक्‌ असा आवाज आला. नवी खिडकी कोपऱ्यात तडकली होती.

अप्पांना सांगायची लाज वाटली. ते रागावले नाहीत. "चल, मी पण येतो," एवढंच म्हणाले.

चाचांनी तडा बघूनच ओळखलं. "आवळलंत व्हय?"

"पाणी आत येऊ नये म्हणून."

"पाणी रबर अडवतंय ताई, स्क्रू न्हाई. ह्ये प्लास्टिक उन्हात फुगतंय. भोक जरा मोठं पायजे. चुकी माझी, भोकं मीच बारीक पाडली." मग अप्पांकडे वळून म्हणाले, "पाव्हणं, ह्या टायमाला मीच येतो बसवाया. जल्मभर पाट्या केल्या, पाण्यावरचं काम कवा केलं न्हाई."

रविवारी ते नवी खिडकी घेऊन खरंच आले. चाचा केबिनच्या आत, अप्पा बाहेर. एक नट धरायचा, दुसरा स्क्रू फिरवायचा. "बास, हाताला लागला की सोडा," चाचा आतून म्हणत. चारही खिडक्या लागल्यावर मी बाहेरून बादलीभर पाणी फेकलं. चाचांनी आतून कडांवर बोट फिरवलं. "कोरडं ठक्क!"

वारा मंद होता. मी शीड चढवलं आणि दोघांना घेऊन निघाले. चाचा आत खिडकीला नाक लावून बसले. अप्पा थोड्या वेळाने माझ्याशेजारी येऊन बसले आणि सुकाणूच्या दांड्याकडे बघत राहिले.

"हे उलटं कसं चालतंय? तू डावीकडं ढकललंस, नाव उजवीकडं वळली."

"तुम्हीच बघा," म्हणत मी दांडा त्यांच्या हातात दिला. तीस वर्षांची सवय. उजवीकडे वळायचं म्हणून त्यांनी दांडा उजवीकडेच ओढला. होडी काठाकडे फिरली, शीड फडफडलं. आतून चाचा ओरडले, "पाव्हणं, रिव्हर्स घ्या!"

तिसऱ्या खेपेला होडी त्यांच्या मनासारखी वळली. पुढे अर्धा तास त्यांनी दांडा सोडला नाही, मीही मागितला नाही.

हे सगळं क्लबातल्या लोकांनी काठावरून बघितलं होतं. पुढच्याच आठवड्यात एकाने आपल्या होडीच्या दोन खिडक्या आणून दिल्या, मग दुसऱ्याने त्याच्या होडीच्या केबिनवरचं पारदर्शक झाकण. काल ऑफिसमधून आले तर घराला कुलूप. अप्पांना फोन लावला.

"पौडला आलोय, पाटीवाल्या भाईकडं," ते म्हणाले. मागे कटरची घरघर चालली होती. "ते झाकण घासून निघणार न्हाई, नवंच करावं लागतंय. आता ठेव, एका हातानं शीट धरलीय."